यादीत राहायचं बटण

४ मार्च

चिरंजीव पेन्सिलीस,
अनेक आशीर्वाद.

मी तुझी आजी. ओळख करून दिलेली बरी, कारण "रविवारी नक्की पत्र लिहिते" म्हणून फोन ठेवलास त्याला तीन रविवार झाले, आणि एवढ्या अवधीत चेहरा पुसट होतो माणसाचा. तेव्हा सांगते. उंची बेताची, बोलणं जास्त, उजव्या हाताच्या दोन बोटांना घड्याळाच्या तेलाचा काळेपणा. तुझ्या आईची आई. तू जन्मतःच इतकी किडकिडीत होतीस की मी तुला पेन्सिल म्हणाले, ती मीच. अजून नसेल आठवत तर आईला विचार, तिला कधीकधी आठवते मी.

नेहमीप्रमाणे मी बोलतेय आणि समोरच्या दारातली स्टेनोबाई लिहितेय. तिने तीस वर्षं कोर्टात बसून साक्षी उतरवून घेतल्या. माणूस जे बोलेल ते सगळं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, ही सवय तिच्या हाडात गेलीय. त्यामुळे पत्रात मध्येच काही वेडंवाकडं दिसलं तर तो माझा दोष नाही, कोर्टाचा आहे. (काकू, हेही लिहिलं.) बघ, स्वतः बोललेलंही उतरवते.

मला अक्षर येत नाही, याचं तुला लहानपणी फार वाईट वाटायचं. पाटी घेऊन शिकवायला बसली होतीस. आठवडाभरात मी "ग" पर्यंत पोचले. तुला तो गणपतीसारखा सुबक काढायचा होता आणि मला त्यात सारखा चिमटा दिसायचा, उघडा ठेवलेला. तू हात टेकलेस. मी आधीच टेकले होते.

आता कामाचं. माझ्या ओळखीची एक बाई आहे. वयाने माझ्याएवढीच, अकलेनेही साधारण तेवढीच. ती ईमेलच्या एका यादीत आहे. म्हणजे तीनशे चाळीस जण, सगळे घड्याळं दुरुस्त करणारे. एकाने पत्र लिहिलं की सगळ्यांना जातं. एक विचारतो, माझं घड्याळ पुढे पळतंय, काय करू? की बाकीचे आपापली अक्कल पाजळतात. आता त्या यादीसाठी नवीन पान निघालंय. महिनाअखेरीपर्यंत प्रत्येकाने त्या पानावर जाऊन "मी मीच आहे आणि मला राहायचंय" असं सांगायचं. नाही सांगितलं तर नाव बाद.

स्टेनोबाईने आपल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडून वाचून दाखवलं. मला नव्हे, त्या बाईला. मी सहज शेजारी बसले होते. (काकू, खोलीत आपण दोघीच होतो.) लिहिलंस? (लिहिलं.) असो. त्या पानावर बटणं अकरा. पत्रं एकेक हवीत की दिवसाचा एकच गठ्ठा? सुट्टीवर चाललात तर पत्रं थांबवू का? तुमचा पत्ता इतरांपासून लपवू का? पासवर्ड विसरलात का? इतकी चौकशी लग्न ठरवताना माझ्या सासूने केली नव्हती. आणि या सगळ्यात "बाहेर पडा" हे बटण लालभडक, ताटाएवढं. "राहा" असं बटण मात्र कुठेच नाही. तळापर्यंत वाचल्यावर करड्या रंगात मुंगीच्या पावलाएवढी एक ओळ सापडली: "सदस्यत्व अबाधित ठेवण्यासाठी येथे". ज्याने हे पान बनवलं त्याच्या घरी पाहुणा चप्पल काढायच्या आत त्याला निरोपाचा नारळ देत असतील.

तू असल्याच पानांचं काहीतरी करतेस ना? तर सांग, त्या बाईने काय दाबावं. पासवर्ड तिला माहीत नाही, तो नवऱ्याने ठेवला होता. यादीत नावही नवऱ्याचंच आहे, तिचं नाही. एवढं चालतं का? (काकू, आवाज बारीक झाला, पुन्हा सांगा.) काही नाही. चालतं का, एवढंच विचार.

तुझी आजी

१० मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तीन रविवारांसाठी कान धरले आहेत. एका हाताने धरून दुसऱ्याने लिहितेय.

आजी, ज्याने ते पान बनवलं ना, ती मी आहे. आमचं ऑफिस अशा दोनशे याद्या सांभाळतं आणि सभासदांनी आत यायचं, बाहेर जायचं, काय हवं नको ते सांगायचं, ते पान माझ्याकडे आहे. दर मीटिंगमध्ये आमचे साहेब एकच वाक्य म्हणतात, "पान असं पाहिजे की कुणाच्याही आजीला कळलं पाहिजे." मी छाती पुढे काढून म्हणाले होते, "सर, माझ्या आजीलासुद्धा कळेल." तुझं पत्र मी ऑफिसात कुणाला दाखवलेलं नाही.

त्या बाईला शोधायला म्हणून मी घड्याळवाल्यांच्या यादीचं आतलं पान उघडलं. नाव नवऱ्याचं म्हणालीस, तरी आधी बायका बघितल्या. तिथे त्या फक्त चार, आणि त्यांत तुझ्या वयाची कुणी नाही. पण खाली सरकताना एक नाव दिसलं. आजोबांचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यांच्या पत्त्यावर रोज पत्रं जातायत. एक तारखेला "तुमचा पासवर्ड बदला" ही आठवणसुद्धा. ती सगळी स्टेनोकाकूंच्या कॉम्प्युटरवर उघडत असणार, रोज त्यांच्या नावाने नमस्कार करून. तुला काय होत असेल! आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस.

म्हणून मी लगेच त्यांचं नाव काढून टाकलं. आमच्या बाजूने एका क्लिकचं काम. आता एकही पत्र येणार नाही. तू अजिबात काळजी करू नकोस.

तुझ्या ओळखीच्या बाईला मात्र सांग, नवऱ्याच्या नावावर राहू नका. यादी चालवतात ते गृहस्थ फार कडक आहेत. चाळीस वर्षं त्यांनी एका मनोऱ्यावरचं घड्याळ सांभाळलं, म्हणून सगळे त्यांना मनोरेवाले म्हणतात. त्यांचा नियम एकच: जो लिहितो तोच सभासद. दुसऱ्याच्या नावाने लिहिताना सापडलेल्या दोघांना त्यांनी कायमचं काढलंय.

तुझी पेन्सिल

१५ मार्च

चिरंजीव पेन्सिलीस आशीर्वाद.

तू ह्यांचं नाव काढलंस, बरं केलंस. चांगलंच केलंस. शहाणी माझी ती. (काकू, डोळे का पुसताय?) भिंग टोचलं. हे लिहू नको. (लिहिलं.)

मग आता सगळंच सांगते. ही लिहिणारच आहे, तर निदान क्रमाने लिहू दे. ती ओळखीची बाई म्हणजे मी. तुला दुसरी कुणी वाटली होती का? स्टेनोबाई म्हणते, असले साक्षीदार वकील उठायच्या आधीच कबूल होतात.

शेवटची पंधरा वर्षं तुझ्या आजोबांचे हात थरथरायचे. हे गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, तुझ्या आईलाही नव्हतं. दुकानात पुढे हे बसायचे, गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि पडद्यामागे टेबलावर मी. आत एक केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, वेटोळं घालून बसलेली, तिला पीळ पडला की घड्याळाचं डोकं फिरतं. ती सरळ करायची मी. पाटीवर नाव ह्यांचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण पाटी मला वाचताच येत नव्हती.

यादीचंही तेच. हे पत्र वाचून दाखवायचे, मी उत्तर सांगायचे, हे स्टेनोबाईच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करायचे. कुणीतरी लिहायचं, "काय हात आहे तुमचा!" ते ह्यांनी मला वाचून दाखवायचं आणि थरथरता हात माझ्यापुढे धरून हसायचं. हसता हसता ठसका लागायचा.

हे गेल्यावर पंधरा दिवसांनी स्टेनोबाईकडे एक पत्र आलं. कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ रोज बाराच्या ठोक्याला अडकत होतं. बाराला अडकतं म्हणजे काटा काट्याला घासतोय, याला काय अक्कल लागते? दिलं उत्तर. खाली ह्यांचं नाव आपोआप पडलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग आणखी. असं करत मी दोन वर्षं गेलेल्या माणसाला बोलतं ठेवलंय. कायद्यात याला काय म्हणतात, विचारलं मी हिला. (तोतयेगिरी, काकू.) शब्द मोठा आहे, माझ्या मानाने.

आता पाच दिवस झाले, एक पत्र नाही. सकाळी उठून हिच्या दारात जाते, ही मान हलवते, मी परत येते. सहा पावलं जायची, सहा यायची. एक लंबकवाले म्हणून आहेत, मोठी घड्याळं छान करतात, मनगटावरच्या घड्याळापुढे मात्र त्यांची गाडी अडते. त्यांचं एक घड्याळ दिवसाला चाळीस मिनिटं पुढे पळतंय. मी विचारलं होतं, तेल कुठेकुठे घातलंत? त्याचं उत्तर आलं असणार, आणि ते मला कधी कळणार नाही. हे फार खुपतंय बघ.

मला पाटी नको, नाव नको. कुणाचं काय बिघडलंय ते मला कळायला हवं, एवढंच. ती यादी असेपर्यंत मी कामातली म्हातारी आहे. यादी गेली की नुसती म्हातारी. नुसत्या म्हाताऱ्या आमच्या जिन्यात आणखी तीन आहेत, चौथीची गरज नाही.

त्या मनोरेवाल्यांच्या नियमात कुठे बसत असेन तर मला आत घे. नसेन बसत तर गप्प राहीन. गप्प राहायला मला कधी जमलं नाही, पण अक्षरं शिकण्यापेक्षा सोपं असेल.

आजी

१९ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही, माझ्याकडे स्टेनो नाही.

मी काय केलं, तर विचारलं नाही. तुला त्रास होत असेल असं मीच ठरवलं आणि मीच तुझी सुटका केली. आज ऑफिसात येताच आजोबांचं नाव परत घालायला गेले, तर कळलं की ते जमत नाही. नाव काढायला एक क्लिक, परत घ्यायला सात पायऱ्या, आणि ज्याचं नाव त्याची परवानगी. हे सगळं माझंच डिझाइन. त्यासाठी मला मागच्या वर्षी शाबासकी मिळाली होती.

आणि परत घालूही नये, असं नंतर वाटलं. म्हणून तुझ्या नावाने नवीन अर्ज भरलाय. तुझ्या, आजोबांच्या नाही. पत्ता स्टेनोकाकूंचा दिलाय. "का सामील व्हायचं आहे" या चौकटीत "घड्याळांची आवड" इतकंच लिहिलं. बाकीचं त्या चौकटीत मावलं नसतं.

आता नीट ऐक. आज संध्याकाळी काकूंच्या कॉम्प्युटरवर एक ईमेल येईल. त्यात हिरवं बटण असेल. तीन दिवसांच्या आत ते दाबायचं. मग अर्ज मनोरेवाल्यांकडे जाईल, ते हो किंवा नाही म्हणतील. बाकी काही करायचं नाही. विशेषतः त्या ईमेलला उत्तर मुळीच, मुळीच लिहू नका. उत्तर लिहिलं की ते थेट यादीच्या पत्त्यावर जातं, म्हणजे तीनशे चाळीस जणांना. ही चूक आहे हे मला माहीत आहे. दुरुस्त करायच्या कामांत तिचा नंबर नववा लागलाय.

मुळीच लिहू नका हं.

पेन्सिल

२३ मार्च

चिरंजीव पेन्सिलीस आशीर्वाद.

ईमेल आली एकोणीसला. ईमेलला उत्तर लिहू नका हे सांगणारं तुझं पत्र आलं बावीसला, टपालाने. ईमेलचा धंदा करणाऱ्या माणसाने ईमेलबद्दलचा इशारा तिकीट लावून पेटीत टाकावा, हे आपल्याच घरात होऊ शकतं. मी तुझीच आजी आहे याची आता खात्री पटली.

मधल्या दिवसांत काय झालं ते सांगते, तू आधी खुर्चीत बस.

वीस तारखेला सकाळी स्टेनोबाईने ती ईमेल वाचून दाखवली. "आपला अर्ज यादीचालकांकडे पाठवला जाईल." मला वाटलं, वा रे वा, एवढा मोठा माणूस आपला अर्ज बघणार, आणि आपण नुसतं बटण दाबून मोकळं व्हायचं? दोन ओळी नकोत लिहायला? आणि त्यांना फसवून आत जायचं हेही मनाला लागलं होतं. हिला म्हटलं, लिही. हिने काय लिहिलं ते आज पुन्हा वाचून घेतलंय, जसंच्या तसं देते:

"मनोरेवाले यांस नमस्कार. दोन वर्षं तुमच्या यादीला जी उत्तरं येत होती ती गेलेल्या माणसाची नव्हती, माझी होती. त्याआधीचीही माझीच होती, पण तेव्हा सही करणारा जिवंत होता. मला अक्षर येत नाही. जो लिहितो तोच सभासद असा तुमचा नियम आहे. मी लिहीत नाही म्हणून सभासद नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिलं म्हणून कायमची बाहेर. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी बाद आहे, ते मला मान्य आहे. फक्त जाता जाता त्या लंबकवाल्या गाढवाला एक निरोप द्या. (काकू, गाढव लिहू?) नको नको, माणूस चांगला आहे. (लिहिलं.) केसाएवढ्या स्प्रिंगला तेल घालत नाहीत. वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. स्पिरिटने धुवा, वाळू द्या, हात लावू नका. संपलं. आता कुठलं बटण गं? (हे, काकू.) दाब."

दाबलं.

मी दोन दिवस खुशीत होते. कबुली दिली की माणूस हलका होतो. मग तुझं पत्र आलं. हिने वाचलं, "तीनशे चाळीस जणांना", आणि वाचता वाचता थांबली. हिला थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग कॉम्प्युटर उघडून बघितलं, तर खरंच वर यादीचाच पत्ता.

आता माझी परिस्थिती बघ. तीनशे चाळीस घड्याळजींना कळलं की मी अंगठाछाप आहे, तोतया आहे, आणि एका सभ्य गृहस्थाला गाढव म्हणते. आणि त्यावर कुणाची एक ओळ नाही. तीन दिवस झाले. शिव्या तरी द्याव्यात. दुकानात गिऱ्हाईक भांडायला यायचं तेव्हा मला बरं वाटायचं, ज्याला परत यायचं असतं तोच भांडतो. न बोलता घड्याळ उचलून निघून जायचं, त्याची मला भीती.

मी हिला म्हटलं, चल, आपणच बाहेर पडू. ते तुझं ताटाएवढं लाल बटण दाबलं. तर पान म्हणालं, "आपण सभासद नाही, त्यामुळे बाहेर पडू शकत नाही." म्हणजे मला धड हाकलूनही घेता येत नाही. हिरव्या बटणाची मुदतही काल संपली.

तू आता काही करू नकोस. तो अर्ज काढून टाक. भिंग आणि चिमटे पुसून डब्यात भरलेत. जिन्यातल्या त्या तिघी दुपारी पत्ते खेळतात, मला बोलावत होत्या. जाईन म्हणते.

आजी

२७ मार्च

ती. आजीस,

डबा उघड. नमस्कार नंतर.

तुझं पत्र वाचल्यावर मी यादीची आतली नोंद बघितली. आजी, तुझं पत्र थेट गेलंच नव्हतं. चूक माझी होती, पण अर्धीच. जो सभासद नाही त्याचं पत्र दारात अडवून ठेवलं जातं, आणि यादीचालकांनी "सोडा" म्हटलं तरच सगळ्यांना जातं. (तुमचं पत्र अडवलंय असा निरोप तुला जायला हवा होता. तो का गेला नाही ते विचारू नकोस. चौथा नंबर.) तुझं पत्र एक दिवस आणि चार तास दारात उभं होतं. तेवढ्यात मनोरेवाल्यांनी ते पाच वेळा उघडलं. मग त्यांनी "सोडा" दाबलं. चुकून नाही. आपल्या हाताने.

आणि कुणी काही बोललं नाही म्हणतेस? एकसष्ट पत्रं आलीत. ती यादीवर आली, आणि तू यादीत नाहीस, मग तुला कशी येणार! तू तिकडे पत्ते खेळायला निघालीस आणि इकडे एकसष्ट माणसं तुझ्यावर भांडतायत. या वेळी मला टपालावर विसंबायचं नव्हतं, पण फोनवर ही पत्रं तुला वाचून दाखवताना मला रडू आलं असतं आणि काकूंनी ते लिहून घेतलं असतं. म्हणून हाताने उतरवून पाठवतेय.

लंबकवाले लिहितात: "गाढव हा शब्द मला मान्य आहे. तेल घातलं होतं, भरपूर घातलं होतं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे धुतलं. तीन दिवस झाले, घड्याळ वेळेला धरून आहे. अशा शिव्या मला आणखी हव्या आहेत."

एकजण लिहितो: "तोतया तो तोतया. नियम सगळ्यांना सारखा." तो अजून तसंच म्हणतोय, रोज एकदा. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून हेही लिहिलं.

आणि हे मनोरेवाल्यांचं: "मनोऱ्यावर रोज दोनदा घड्याळाची नोंद लिहावी लागे. वर चढून काटे बघायचो मी, खाली वही लिहायची माझी पत्नी, कारण माझं अक्षर मलाच लागत नसे. चाळीस वर्षं ती वही तिच्या हातची आहे. माझ्याच नियमाने घड्याळ तिने सांभाळलं असं ठरतं. ती हे ऐकून हसली, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. नियम बदलतो आहे: ज्याची अक्कल, तो सभासद. लिहो कुणीही. बाईंचा अर्ज मंजूर."

त्यांनी आमच्या ऑफिसात फोनही केला. म्हणाले, तुमच्या पानावर सांगणाऱ्याचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव अशा दोन वेगळ्या जागा हव्यात. साहेबांनी विचारलं, "असं कोण वापरणार?" मी म्हणाले, "सर, माझी आजी." साहेबांनी दोन्ही जागा करायला सांगितल्या.

नवीन हिरवं बटण पाठवलंय, त्याला मुदत पंधरा दिवसांची दिलीय. "राहायचं आहे" हे आता पानाच्या सगळ्यात वर आहे, ताटाएवढं. लाल बटण वाटीएवढं केलंय.

एक गोष्ट मात्र तुलाच ठरवायचीय. यादीच्या जुन्या कपाटात आजोबांच्या नावाची दोनशे चौदा उत्तरं आहेत. मनोरेवाले विचारतात, ती सगळी तुझ्या नावावर करायची का? तू सांगशील तसं मी करेन. या वेळी विचारल्याशिवाय काही नाही.

तुझी पेन्सिल

३ एप्रिल

चिरंजीव पेन्सिलीस अनेक आशीर्वाद.

दाबलं. हिने बोट धरून बटणापर्यंत न्यायची तयारी केली होती, मी म्हटलं, हिरवं मला दिसतं, वाचायला कशाला लागतंय. माझ्या काळ्या बोटाने मी दाबलं. मग पान म्हणालं, "स्वागत आहे." हिने ते दोनदा वाचलं, एकदा चुकून आणि एकदा मी सांगितलं म्हणून. पुढे विचारलं, पत्रं एकेक की गठ्ठ्याने? एकेक. गठ्ठा आला की माणूस वरवर चाळतो, आणि कुणाचं तरी बारीकसं दुखणं तळाला राहून जातं. सुट्टीवर चाललात का? नाही. पत्ता लपवू का? लपवून झालंय पुष्कळ. नको.

सांगणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं, लिहिणाऱ्याच्या जागी हिचं. हिला एवढा आनंद झाला की काय सांगू. तीस वर्षांत कुठल्या कागदावर हिचं नाव आलं नव्हतं. (काकू, हे नका सांगू.) लिहिलंस का? (... लिहिलं.) बरं वाटलं.

आता त्या दोनशे चौदा उत्तरांचं. मी दोन दिवस विचार केला, आणि तुला माहीत आहे मला त्याची सवय नाही. हे होते तोवरची ह्यांच्याच नावावर राहू देत. अक्कल माझी असेल, पण समोरच्याला न दुखावता सांगायचं कसं ते ह्यांचं होतं. मी "गाढव" म्हणायचे, हे "आदरणीय" टाइप करायचे. त्याच्याशिवाय मला लोकांनी पहिल्याच महिन्यात हाकललं असतं. नंतरच्या दोन वर्षांची मात्र सगळी माझ्या नावावर कर. गेलेल्या माणसाला कामाला जुंपणं बरं नाही. शिवाय त्यातली तीन चुकलेली आहेत. एकात मी दुसऱ्याच कंपनीच्या घड्याळाबद्दल बोलत बसलेय, एकात किल्ली उलटी फिरवायला सांगितलीय, आणि तिसऱ्याची मला लाज वाटते. ती ह्यांच्या नावावर नकोत. आयुष्यभर ह्यांच्या नावाने कधी चुकीचं घड्याळ बाहेर गेलं नाही.

तो रोज तोतया म्हणणारा गृहस्थ आहे ना, त्याने काल विचारलंय की त्याचं गजराचं घड्याळ वाजताना टेबलावरून चालत का जातं. आधी कुणी उत्तर दिलं नाही, सगळे माझी वाट बघत होते म्हणे. मी सांगितलं, एक पाय आखूड झालाय, खाली जाडसर चामड्याचा तुकडा लावा. त्याने आभार मानले नाहीत. पण तोतयाही म्हणाला नाही. एक दिवस गेला.

आणि आता मुख्य बातमी. लंबकवाले आणि मनोरेवाले दोघेही या रविवारी येतायत, प्रवास करून, मनोरेवाल्यांच्या बायकोसकट. लंबकवाल्यांना ती केसाएवढी स्प्रिंग सरळ कशी करतात ते डोळ्यांनी बघायचंय, आणि मनोरेवाल्यांच्या बायकोला मला बघायचंय. टेबल खिडकीपाशी ओढून घेतलंय. चिमटे धुऊन वाळत घातलेत. मी चार वेळा साडी बदलून पाहिली आणि मग लक्षात आलं, यांतल्या कुणीही मला कधी पाहिलेलंच नाही, जी नेसेन ती चालेल.

आजी

ता. क. शनिवारच्या आत पोचेल असं पार्सल लगेच टाक. गोड काही नको, बोटं चिकट होतात. बिस्किटं नकोत, भुगा पडतो आणि चाकांच्या दातांत जाऊन बसतो. तळलेलं तर नकोच, या लोकांना आधीच तेल जास्त घालायची सवय आहे. भाजलेले बदाम पाठव, किलोभर, मीठ न लावलेले, आणि सालं तिथेच काढून टाक.